स्वस्त मॉनिटर : काटकसर कुठे खपते, कुठे नडते

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील मध्यमवर्गीय घरात संगणकासाठी स्वतंत्र खोली तर सोडाच, स्वतंत्र टेबलही क्वचितच असते. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा, खिडकीलगतची फळी किंवा भिंतीला लावलेले घडीचे टेबल, एवढ्याच जागेत घरातील दोघा-तिघांचे काम चालते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कार्यालय आणि शाळा एकाच वेळी घरात आली. कार्यालयाने लॅपटॉप दिला. मात्र त्याचा चौदा-पंधरा इंची पडदा आठ-दहा तास वाकून पाहण्याजोगा नाही, हे अनेकांच्या मानेने काही आठवड्यांतच दाखवून दिले. तेव्हापासून ‘एखादा वेगळा मॉनिटर घ्यावा का, आणि घेतला तर स्वस्तातला चालेल का,’ हा प्रश्न उपनगरांतील घराघरांत विचारला जातो.

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, चालतो. मात्र स्वस्त मॉनिटर स्वस्त का आहे, उत्पादकाने कोठे हात आखडता घेतला आहे, हे ग्राहकाला ठाऊक असले पाहिजे. काही ठिकाणची काटकसर वापरणाऱ्याला कधी जाणवतही नाही. काही ठिकाणची मात्र रोज डोळ्यांना आणि मानेला भोगावी लागते.

डब्याचे दिवस

सन २००० च्या सुमारास संगणक घेणे म्हणजे लॅमिंग्टन रोडची फेरी असे. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे या रस्त्याचे अधिकृत नाव; पण असेंबल्ड संगणक घेणाऱ्यांच्या तोंडी ते फारसे कधी आले नाही. तेव्हाचा मॉनिटर हा काचेच्या नळीचा जड डबा होता. पंधरा इंची पडद्यामागे जवळजवळ तेवढीच खोली लागे. एम.एस.-सी.आय.टी.च्या वर्गांत एका पिढीने संगणकाची पहिली ओळख अशाच डब्यांसमोर बसून करून घेतली. त्या नळीचा पडदा सेकंदाला साठ वेळा उजळला तर डोळ्यांना लुकलुक जाणवे, म्हणून जाणकार ती गती पंच्याऐंशीपर्यंत वाढवून घेत.

पुढे सपाट एलसीडी पडदे आले आणि पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत डबा दुकानांतून जवळपास नाहीसा झाला. सपाट पडद्याचा मुख्य भाग म्हणजे पॅनल. ते चीन, तैवान व कोरिया येथील मोजक्या कंपन्या प्रचंड संख्येने तयार करतात आणि निरनिराळ्या नावांचे मॉनिटर त्याच पॅनलांवर उभे राहतात. त्यामुळेच आज साधारण सहा ते दहा हजार रुपयांत जो पडदा मिळतो, तो कधीकाळी केवळ महागड्या वर्गातच मिळत असे.

जमेच्या बाजू

या किमतीत २१.५ ते २३.८ इंचांचा फुल एचडी मॉनिटर येतो. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू, एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. दुकानदार यांनाच ‘बावीस’ आणि ‘चोवीस’ म्हणतात. २३.८ इंची पडद्याची उंची सुमारे साडेएकोणतीस सेंटिमीटर भरते. म्हणजे ए-फोर कागदाचे पान त्यावर जवळजवळ मूळ आकारात मावते. अर्ज, निवाडे, हिशेबाचे तक्ते किंवा मुलांची प्रश्नपत्रिका वाचणाऱ्याला याचा उपयोग वेगळा सांगायला नको.

दुसरा मोठा लाभ पॅनलच्या प्रकारात आहे. पूर्वी स्वस्त मॉनिटर म्हणजे टीएन पॅनल हे ठरलेलेच होते. त्याकडे किंचित खालून किंवा बाजूने पाहिले तरी रंग फिके पडत किंवा उलटे दिसत. आता कमी किमतीतही आयपीएस पॅनल सर्रास मिळते. १९९६ च्या सुमारास जपानच्या हिताची कंपनीने पुढे आणलेल्या या तंत्रात बाजूला बसलेल्यालाही चित्र जवळपास तसेच दिसते. एका मुलाचा अभ्यास पाहताना आई शेजारच्या खुर्चीवर बसते, अशा घरात हा गुण कामाचा ठरतो. तिसरा प्रकार व्हीए. त्यात काळा रंग खरोखर काळा दिसतो, त्यामुळे रात्री चित्रपट पाहणाऱ्यांना तो आवडतो. मात्र गडद पार्श्वभूमीवर हलणाऱ्या वस्तूंमागे पुसटसा माग उरतो.

विजेचा खर्चही नगण्य आहे. चोवीस इंची मॉनिटर साधारण वीस वॅट वीज घेतो. दिवसाला दहा तास वापरला तरी महिन्याला सहा युनिट होतात. जुना सतरा इंची डबा याच्या तिप्पट-चौपट वीज खात असे. अंधेरी-बोरिवलीत अदानी वा टाटांची वीज असो की मुलुंडला महावितरणची, मॉनिटरमुळे देयकात फार फरक पडत नाही.

देवनागरीची कसोटी

आता उणे बाजू. स्वस्तातील सर्वांत मोठा मोह आकाराचा असतो. थोडे पैसे वाढवले की सत्तावीस इंची पडदा मिळतो आणि दुकानात तो भव्य दिसतो. पण त्यावरही बहुधा तेच १९२० बाय १०८० बिंदू असतात. पडदा मोठा झाला, बिंदू वाढले नाहीत. म्हणजे प्रत्येक बिंदू ताणला गेला.

हे आकड्यांत असे दिसते. २१.५ इंची पडद्यावर एका इंचात सुमारे १०२ बिंदू बसतात, २३.८ इंचीवर सुमारे ९३ आणि २७ इंचीवर जेमतेम ८२. सत्तावीस इंचीवरील एक बिंदू ०.३१ मिलिमीटरचा असतो. साठ सेंटिमीटर अंतरावरून निकोप डोळ्याला सुमारे ०.१७ मिलिमीटरचा तपशील ओळखता येतो. अर्थात अक्षरांच्या कडा दातेरी आहेत, हे डोळ्याला कळते आणि त्या जुळवून घेण्याचे श्रम त्याला दिवसभर करावे लागतात.

मराठी वाचणाऱ्याला हा फरक इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा अधिक जाणवतो. इंग्रजीतील बहुतेक लहान अक्षरे एका आडव्या पट्टीत मावतात. देवनागरीत मात्र शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला. ‘महाराष्ट्र’ शब्दातील शेवटच्या जोडाक्षरात ष, ट आणि र अशी तीन अक्षरे दाटीने बसतात. तेवढ्याच उंचीत अधिक रेषा बसवायच्या, तर बिंदूही अधिक लागतात. ते नसले की ‘घन’ आणि ‘धन’ यांतील फरक संदर्भावरून ठरवावा लागतो, ‘ब’च्या पोटातील रेघ पुसट होऊन तो ‘व’सारखा दिसतो आणि अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. मुद्रितशोधन करणारे, न्यायालयीन कागदपत्रे तयार करणारे किंवा शाळेच्या प्रश्नपत्रिका टंकित करणारे शिक्षक यांच्यासाठी ही केवळ सौंदर्याची बाब नाही. चूक निसटण्याची आहे.

म्हणून ज्यांचे मुख्य काम वाचन-लेखन आहे, त्यांनी फुल एचडीत चोवीस इंचांवर थांबणे शहाणपणाचे. सत्तावीस इंच हवाच असेल, तर २५६० बाय १४४० बिंदूंचा घ्यावा. त्यात इंचाला सुमारे १०९ बिंदू येतात. त्याची किंमत अर्थातच जास्त असते. डोळे अधू झाल्यामुळे मोठी अक्षरे हवी असणाऱ्या ज्येष्ठांनी मात्र सत्तावीस इंची फुल एचडी अगदीच बाद समजू नये. थोडे लांब बसून पाहिल्यास त्याचा दातेरीपणा लपतो.

मानेवर पडणारा भार

पॅनलमध्ये वाचवण्यासारखे फार उरले नाही, की उत्पादक स्टँडकडे वळतो. स्वस्त मॉनिटरचा स्टँड बहुधा फक्त मागेपुढे झुकतो; वर-खाली सरकत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, हा सर्वमान्य संकेत आहे. स्टँड बुटका असल्याने ती कड पुष्कळदा आणखी खाली राहते आणि पाठीला बाक येतो. उपाय स्वस्त आहे. खाली मजबूत फळी किंवा जाड ग्रंथांची चळत ठेवून पडदा आठ-दहा सेंटिमीटर उचलता येतो. दुहेरी भिंगाचा चष्मा असणाऱ्यांनी उलट पडदा थोडा खालीच ठेवावा. नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान अवघडते.

लहान घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. मॉनिटरच्या पाठीवर चौकोनात चार स्क्रूंची छिद्रे आहेत का, ते पाहावे. ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावरील ही प्रमाणित छिद्रे असली, तर मॉनिटर भिंतीवर किंवा हलत्या हातावर बसवता येतो. टेबल रिकामे होते आणि जेवणाच्या वेळी पडदा बाजूला सारता येतो. अत्यंत स्वस्त मॉनिटरमध्ये नेमकी हीच छिद्रे गाळलेली आढळतात.

उजेड आणि रंग

या वर्गातील मॉनिटरची प्रखरता साधारण २५० निट असते. काहींची त्याहून कमी. दिव्याच्या प्रकाशात ती पुरेशी आहे. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन थेट पडद्यावर येत असेल, तर ती पुरणार नाही. पडदा खिडकीच्या समोर किंवा खिडकीकडे पाठ करून ठेवण्याऐवजी खिडकीशी काटकोनात ठेवावा. याला पैसा लागत नाही आणि फरक मोठा पडतो.

रंगांची काटकसर दुकानात सहसा लक्षात येत नाही. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असेल, तर लाल आणि हिरवे रंग फिके दिसणार हे समजावे. ‘७२ टक्के एनटीएससी’ किंवा ‘९९ टक्के एसआरजीबी’ असेल, तर रंग बरे असतात. हिशेब आणि वाचनाला पहिला चालतो. लग्नपत्रिका, जाहिराती किंवा साड्यांची छायाचित्रे तयार करणाऱ्याला मात्र तो अडचणीत आणतो. पडद्यावरचा रंग पाहून छपाईला दिलेले काम वेगळ्याच छटेत परत येते आणि त्याचा खर्च मॉनिटरवर वाचवलेल्या पैशांहून अधिक होतो.

पेटीवरची मोठी अक्षरे

पेटीवर ठळकपणे छापलेल्या गोष्टींपैकी काहींचा उपयोग आहे, काहींचा नाही. ‘१०० हर्ट्झ’ म्हणजे चित्र सेकंदाला शंभर वेळा नव्याने रेखाटले जाते. त्यामुळे पान सरकवताना मजकूर अधिक स्थिर वाटतो. मात्र सपाट पडदा नळीच्या डब्यासारखा लुकलुकत नाही, त्यामुळे साठ हर्ट्झचा मॉनिटर डोळ्यांना अपायकारक ठरतो असे नाही. काही पडदे प्रखरता कमी केल्यावर मागचा दिवा वेगाने चालू-बंद करतात आणि त्याचा त्रास काही जणांना होतो. ‘फ्लिकर-फ्री’ हा शब्द त्यासाठी असतो व तो पाहावा.

‘एचडीआर’ हे अक्षर २५० निटच्या पडद्यावर शोभेपुरते असते. वेसा या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रमाणपत्राची सर्वांत खालची पायरीसुद्धा ४०० निटची आहे. ‘१ मिलिसेकंद’ हा आकडाही ठरावीक पद्धतीने, ठरावीक स्थितीत मोजलेला असतो. निळा प्रकाश कमी करण्याच्या सोयीने रात्री पडदा सौम्य वाटतो, हे खरे. पण डोळ्यांच्या थकव्याचे मुख्य कारण पापण्यांची उघडझाप कमी होणे आणि एकाच अंतरावर सतत पाहणे हे आहे, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर पाहणे हा उपाय कोणत्याही पेटीत मिळत नाही.

जोडण्यांकडे मात्र बारकाईने पाहावे. पुष्कळ स्वस्त मॉनिटरना एक एचडीएमआय आणि एक जुनी व्हीजीए अशा दोनच जोडण्या असतात. व्हीजीएतून चित्र किंचित धूसर येते; शक्यतो ती टाळावी. लॅपटॉपला केवळ टाइप-सी जोडणी असेल, तर तिच्यातून चित्र बाहेर येते की नाही, याची आधी खात्री करावी. प्रत्येक टाइप-सी जोडणीत ती सोय नसते. अंगभूत स्पीकर असले तरी बैठकीतील बोलणे ऐकण्यापुरतेच त्यांच्याकडून अपेक्षावे.

घरातला टीव्ही मॉनिटर म्हणून वापरावा, असा विचार अनेकांच्या मनात येतो. बत्तीस इंची स्वस्त टीव्हीवर बहुधा १३६६ बाय ७६८ एवढेच बिंदू असतात. म्हणजे इंचाला एकोणपन्नास. चित्रपटाला ते चालतात, कारण टीव्ही दहा फुटांवरून पाहिला जातो. दोन फुटांवरून मराठी मजकूर वाचण्यास तो निरुपयोगी आहे.

पाऊस आणि वीज

मुंबईचा पावसाळा कोणत्याही विद्युत उपकरणाची परीक्षा घेतो. चार महिने हवा ओलसर असते आणि समुद्राजवळच्या भागात तिला खारटपणाची जोड मिळते. मॉनिटर आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून सुरू केलेला बरा. त्याच्या स्वतःच्या उबेने आतील ओल निघून जाते. पडदा पुसताना पाणी किंवा द्रव थेट त्यावर फवारू नये. थेंब खालच्या कडेतून आत उतरतो आणि तेथेच नाजूक जोडण्या असतात.

जुन्या इमारतींत अर्थिंग नीट नसते. मॉनिटरच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर वायरमनकडून बोर्ड तपासून घ्यावा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराचा वीजपुरवठा सकाळी अचानक बंद पडला, तेव्हा घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपला बॅटरीचा आधार होता. मॉनिटर मात्र तत्क्षणी विझले. ज्यांचे काम थांबून चालत नाही, त्यांनी लहान यूपीएसचा खर्चही हिशेबात धरावा.

खरेदी करताना

उपनगरांतील ग्राहकाला आता लॅमिंग्टन रोडशिवाय पर्याय आहेत. २००६ मध्ये क्रोमाचे पहिले दुकान जुहूला उघडले. त्यानंतर मोठी इलेक्ट्रॉनिक दालने स्थानकांजवळ येत गेली आणि ऑनलाइन खरेदीने तर पेटी दारात आणून ठेवली. तरीही एकदा दुकानात जाऊन पडदा पाहावा. तेथे चालणारा झगमगीत चलतपट पाहून निर्णय घेऊ नये. विक्रेत्याला एखाद्या मराठी वृत्तपत्राचे पान नेहमीच्या आकारात उघडून दाखवायला सांगावे. जोडाक्षरे विनासायास वाचता आली, तर निम्मे काम झाले.

मॉनिटरच्या मागील पट्टीवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. पक्क्या बिलावर मॉनिटरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. करकपातीच्या जाहिरातींबाबतही सावध असावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मॉनिटरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो बत्तीस इंचांहून मोठ्या पडद्यांसाठी. त्याहून लहान मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के कर आहे.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी पडदा क्रमाने पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा करून पाहावा. न उजळणारे किंवा न विझणारे ठिपके लगेच दिसतात. काही मोजके बिंदू बिघडले तरी वॉरंटीत बदल मिळत नाही, असे अनेक कंपन्यांच्या अटींत असते. परत करण्याची मुदत थोडी असल्याने ही तपासणी पुढे ढकलू नये. रात्री अंधारात काळ्या पडद्याच्या कडांतून प्रकाश झिरपतो का, तेही पाहावे. थोडा झिरपणे स्वस्त आयपीएसमध्ये गृहीत धरावे लागते. वॉरंटी संपेपर्यंत पेटी आणि थर्माकोल जपून ठेवणे लहान घरात जिवावर येते. पण उघडा पडदा रिक्षातून सेवा केंद्रात नेणे त्याहून महागात पडते.

तक्रार उद्भवली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते. वस्तू ऑनलाइन घेतली आणि विक्रेता परराज्यातील असला, तरी उपनगरवासीयाला वांद्र्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही.

राहता राहिला जुना मॉनिटर. माळ्यावर पडलेल्या नळीच्या डब्याच्या काचेत शिसे असते आणि सुरुवातीच्या सपाट पडद्यांतील दिव्यांत पारा. ते कचऱ्याच्या डब्यात किंवा दारावरच्या भंगारवाल्याकडे जाऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा नवा घेताना जुना परत घेण्याची सोय विचारावी आणि तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जातो का, हेही.

स्वस्त मॉनिटरने स्पीकर, एचडीआर आणि देखणा स्टँड यांत केलेली काटकसर बहुतेक घरांत खपून जाते. बिंदूंच्या दाटीत आणि पडद्याच्या उंचीत केलेली काटकसर मात्र खपत नाही; ती रोज संध्याकाळी चुरचुरणाऱ्या डोळ्यांत आणि आखडलेल्या मानेत जमा होत जाते. सत्तावीस इंचांऐवजी चोवीस इंचांचा चांगला आयपीएस पडदा घेऊन उरलेल्या पैशांत त्याला योग्य उंचीवर बसवले, तर काही हजार रुपयांची ही वस्तू कित्येक वर्षे निमूटपणे काम देते.